उतारावर चावी बंद

खरसांग, २ ऑगस्ट २००१

सृजनाच्या बाबांना,

तुम्ही बरे असणारच. तुमच्यासारख्यांना काही होत नाही. खुशाली विचारायला मी कागद घेतलेला नाही. बूथवरून हासीमाराला फोन करून पाहिला. दर वेळी तुमच्या त्या दुसरीनेच उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. पुन्हा पुन्हा तिच्या श्वासाला पैसे भरायची माझी तयारी नाही, म्हणून लिहितेय. अक्षर तुम्हाला माहीत आहे, तिसरीनंतर शाळा सुटली. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

आधी गाडीचं सांगते. माणसांपासून सुरुवात केली तर तुम्ही पत्र खाली ठेवाल.

तुम्ही जाताना व्हॅन सोडून गेलात त्याचं कौतुक टॅक्सी स्टँडवर अजून चालू आहे. पदमवीर मिस्त्रीने बायको टाकली पण उपाशी नाही टाकली, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलतात. काय सोडून गेलात ते त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. तीन सिलिंडर, आठशेला चार कमी इतकी सीसी, चार गिअर, आणि अख्खं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली. कागदावर सदतीस घोडे लिहिलेत, त्यातले निम्मे चढावर कधीच मेले. काही बिघडलं की पुढच्या पॅसेंजरला उठवायचं, सीट उचलायची आणि रस्त्यावर सगळ्यांदेखत त्या कळकट भोकात डोकं घालायचं. उन्हाळ्यात सीट इतकी तापते की पोरीच्या मांड्यांवर चट्टे उठलेत.

हेड गॅस्केट परत गेलं. रेडिएटरचं झाकण काढलं तर आत तेल आणि पाणी एक होऊन दुधाच्या चहासारखा फेस वर आला. तेव्हापासून मला चहा उतरत नाही. पाण्याच्या वाटेत जी झडप असते, इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी, ती तुम्ही इथल्या एकूण एक गाडीतून काढून फेकलीत. म्हणे ती थंड देशातल्या लोकांसाठी असते. मग खरसांगला जानेवारीत काय असतं? इंजिन गरम म्हणून होत नाही, चोक ओढून ठेवावा लागतो, प्लग काजळीनं काळे आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं. तेच इंजिन चढावर दहा माणसं घेतली की उकळतं, कारण जन्मभर त्याला डोंगरातून गळणाऱ्या रस्त्याकडेच्या धाऱ्याचं पाणी पाजलंत आणि आतून सगळं गंजून बसलंय. कार्ब्युरेटरमध्ये कचरा बसतो तो आता मीच फुंकून काढते. प्लगला ठिणगी देणारे पॉइंट मीच घासते. पेट्रोलची चव तोंडातून दिवसभर जात नाही. तुमच्या तोंडाला यायचा तोच वास आता माझ्या तोंडाला येतो, त्याची मला शिसारी येते.

बाकी मी अजून स्टँडखालच्या टाकीवर गाड्याच धुते. सिलिगुडीहून चढून आलेल्या गाड्यांच्या कुशीवरून पॅसेंजरांनी ओकलेलं खरवडून काढायचं. कोण काय खाऊन निघालं ते मला सांगता येतं. तरी सांगते, त्या घाणीचं मला काही वाटत नाही. ती साध्या माणसांची घाण आहे, पाण्यानं जाते.

आता कामाचं. विश्वकर्मा पूजा महिन्या-दीड महिन्यावर आली. तुमचा तो खेळ त्यांनी अजून चालू ठेवलाय. स्टिअरिंगचं कुलूप काढून ठेवून चाव्या पूजेच्या थाळीत टाकायच्या, गाड्या वरच्या वळणावर ओळीत लावायच्या आणि इंजिन बंद ठेवून पांखाबारीच्या उतारानं सोडायच्या. खाली गारीधुराच्या सपाटीवर ज्याची गाडी सगळ्यात पुढं जाऊन थांबेल त्याला वर्षभर स्टँडवर सवारी भरायला पहिला नंबर. म्हणजे ज्याने ब्रेक सगळ्यात कमी मारला तो जिंकला. हे डोकं तुमचंच होतं. तुम्ही सुरू केलंत, तुम्हीच जिंकत राहिलात, आणि आता तुमची मुलगी त्यात उतरायचं म्हणतेय.

ती वर्षभरापासून व्हॅन चालवते. चहाबागेतल्या मजुरांच्या लाइनीतली पोरं शाळेत नेते-आणते, मधल्या वेळात सिलिगुडीची सवारी. स्टँडवर तिला सगळ्यात शेवटचा नंबर दिलाय. का, तर ती उतरताना इंजिन चालू ठेवते, दुसऱ्या गिअरमध्ये. नोर्बू लामा आता सेक्रेटरी आहे. रोज सगळ्यांसमोर तिला विचारतो, बहिनी, बापाचा पेट्रोल पंप आहे का ग? उतार तर देवानं फुकट दिलाय, त्यालाही पैसे मोजतेस? बाकीचे खैनी थुंकत हसतात. पोरगी घरी येऊन ताटावरून उठते.

मी काही बोलले तर म्हणते, आमा, तुला काय कळतं, तू गाड्यांच्या बाहेरच्या बाजूला असतेस.

गाडी तुमच्या नावावर आहे. मालकाच्या परवानगीशिवाय गाडी खेळात घेत नाहीत, हा नियमही तुम्हीच केलाय. तेव्हा नोर्बूला एक ओळ लिहा, माझी गाडी उतरवायची नाही. एवढंच. तुमच्याकडे मी सहा वर्षांत काही मागितलेलं नाही. हेही मागितलं नसतं.

हरकमाया


खरसांग, २३ ऑगस्ट

सृजनाच्या बाबांना,

तुमचं पत्र आलं. मला नाही, तिला. पोस्टमन मलाच देऊन गेला, मी फोडलं नाही, तिच्या हातात दिलं. तिनं मला वाचून दाखवलं. स्वतःहून दाखवलं, इतकी खूश होती.

मी तुम्हाला एक ओळ मागितली होती. तुम्ही दोन पानं लिहिलीत.

मागच्या ब्रेकचे लायनर दोन दाते सैल कर म्हणजे चाक घासणार नाही. टायरात हवा कडक भर. बेअरिंगमधलं जुनं ग्रीस धुऊन काढ आणि पातळ तेल घाल. मागे पोती टाक, वजनाला वेग येतो. आणि ती शेवटची ओळ, ती तर तिनं पुन्हा वाचली: इंजिन बंद असलं की ब्रेकचे पहिले दोन दाब चांगले लागतात, तिसऱ्याला पायडल दगड होतं, म्हणून ते दोन दाब जपून ठेव, छोरी, शेवटच्या दोन वळणांसाठी. खाली सही आणि नोर्बूसाठी वेगळी चिठ्ठी, माझी परवानगी आहे म्हणून.

माणूस आपल्या पोटच्या पोरीला असं लिहू शकतो? दगड होतं हे ठाऊक असून? मी ते ऐकून बाहेर गेले आणि नळाखाली हात धुतले. काही लागलेलं नव्हतं हाताला.

ती म्हणाली, बाबांनी पहिल्यांदा मला पत्र लिहिलं. ते तिनं उशीखाली ठेवलंय. आता कळलं का मला कशाची किळस आली? सहा वर्षं पोरीला एक अक्षर लिहिलं नाहीत, आणि लिहिलं तेव्हा हे.

फुर्बा तुम्हाला आठवत असेलच. तुमच्याच शेजारी गाडी उभी करायचा, तुमच्याच ताटात जेवायचा. तो गेला त्या वर्षीच्या खेळात तो तुमच्या पुढं होता. मधल्या वळणावर सरळ दरीत गेला. पोलीस आले, त्याची बायको आली, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत ब्रेकची तेलाची नळी तुटली, जुनी गाडी, काय करणार. मिस्त्रीनं सांगितलं म्हणजे झालं. नंतर दोरानं ओढून गाडी वर काढली आणि धुवायला माझ्याकडे आणली. आत काय काय होतं ते लिहीत नाही, तुम्ही तेव्हा टाकीकडे फिरकलासुद्धा नव्हतात. ती नळी मी हातानं चाचपली. धड होती. ब्रेकचं तेल होतं तिथं होतं. मी तेव्हाच स्टँडवर येऊन सगळ्यांसमोर म्हटलं, नळीला काही झालेलं नाही, इंजिन बंद होतं म्हणून ब्रेक लागला नाही. तुम्ही काय म्हणालात? बायकांनी पाणी मारावं. आणि सगळे हसले. त्याचं रक्त माझ्या बादलीत होतं आणि तुम्ही सगळे हसलात.

पुढच्या वर्षी खेळ झालाच. फक्त आधी फुर्बाच्या फोटोला हार घातलात.

म्हणून परत मागतेय. नोर्बूला लिहा की परवानगी काढून घेतली. कारण देऊ नका. पोरीला वाईट वाटेल, वाटू दे. ती तुमच्यावर रागावेल, ते तुम्हाला नवीन नाही, माझ्याकडून सवय झालेली आहे.

उत्तर मला लिहिलं नाहीत तरी चालेल, नोर्बूला लिहा.

हरकमाया


खरसांग, १८ सप्टेंबर

सृजनाच्या बाबांना,

तुम्ही लिहिलं नाहीत. मी नोर्बूकडे गेले. वहिनीचं नातं लावून म्हणाला, भाउजू, मालकाची चिठ्ठी आहे, मी काय करू? मी म्हटलं, तुझी मुलगी उतरव की मग. म्हणाला, माझ्या मुलीला गाडी येत नाही. हे असं बोलून तो माझ्याकडे बघत उभा राहिला, जणू लाखमोलाचं बोलला.

काल खेळ झाला. तुमची मुलगी जिंकली. घ्या. पेढे वाटा तिथं.

मी जाणार नव्हते, गेले. गाड्यांना झेंडूच्या माळा, आरशांना रिबिनी, पुजाऱ्यानं प्रत्येक बोनेटवर टिळा लावला, आपल्या व्हॅनला बोनेट नाही तर काचेवर लावला. चाव्या थाळीत पडल्या. मग सगळ्यांनी हँडब्रेक सोडले. पहिल्यांदा काहीच होत नाही ना, गाड्या नुसत्या हलतात, पाळण्यासारख्या. पोरं टाळ्या वाजवतात. मग त्या वळणाआड गेल्या की काही दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. इंजिनाचा आवाज असता तर कोण कुठं आहे कळलं असतं. मी तिथं उभी राहून त्या उताराकडे बघत होते आणि बाजूला माणसं तुमच्या नावाचा जयजयकार करत होती. मिस्त्री दाजूचं रक्त आहे म्हणत होती. मला वाटलं इथंच ओकते, आणि ते धुवायलाही मीच लागेन.

खालून कुणीतरी फोन केला, बूथवाल्यानं ओरडून सांगितलं. ती सगळ्यांच्या पुढं जाऊन थांबली होती, चुन्याच्या जुन्या रेघेच्याही पुढं. तुमच्या रेघेच्या.

संध्याकाळी तिला खांद्यावर बसवून आणलं. गळ्यात हार, गालाला गुलाल. घरात आल्यावर हार काढून खिळ्याला अडकवला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. मी ताट वाढलं, तिनं हात घातला नाही. म्हणाली, "आमा, शेवटच्या वळणावर दोन्ही पाय पायडलवर होते. मी उभीच राहिले होते पायडलवर."

मला वाटलं, झालं. कळलं तिला. आता परत नाही करणार. एवढी भीती पोटात गेली म्हणजे पुरे, असं वाटून मी तिच्या डोक्याला तेल चोळत बसले. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पण लागला ग. बाबांनी सांगितलं होतं तसाच लागला."

मी तेलाची बाटली बंद केली. ती त्या भीतीतून शहाणी नाही झाली, भक्त झाली. आणि देव कोण, तर तुम्ही. देवा रे, काय माणूस निवडलास देव म्हणून.

हरकमाया


खरसांग, २९ सप्टेंबर

सृजनाच्या बाबांना,

हे शेवटचं पत्र. नीट वाचा, कारण यात तुमच्यासाठी काम आहे.

पहिला नंबर मिळाल्यावर आठवडा बरा गेला. सकाळी पहिली सवारी तिची, नोर्बू तिला बहिनीच्या जागी मिस्त्रीनी म्हणायला लागला. शेवटच्या नंबरवर असताना जी दुपारी एकदा जेवायची ती आता मोमो बांधून आणायची, माझ्यासाठीसुद्धा. मी खाल्ले. खोटं कशाला बोलू, आवडले.

मंगळवारी सकाळी मी टाकीवर एका जीपच्या दारावरची वाळलेली घाण खरवडत होते. वरच्या रस्त्यावरून पोरांचा आवाज आला. पाढे म्हणत होती, सगळी एका सुरात, सातचा पाढा. मला वाटलं शाळेची पोरं चालत चाललीत. मान वर केली तर व्हॅन गेली. आपली व्हॅन. टायरांची सरसर आणि सात चोक अठ्ठावीस. बाकी काही नाही. मला टाकीवर उभं राहून त्या इंजिनाचा टॅपेट कधी वाजतो, तिसरं सिलिंडर कधी मारत नाही, सगळं कानानं कळतं, वर्षभर तेच ऐकतेय. त्या दिवशी कानाला काही लागलं नाही. आत लाइनीतली अकरा पोरं आणि चावी बंद.

बुधवारी परत तसंच. मी घरी विचारलं. "किती वाचतं ग असं करून?" म्हणाली, अर्धा लिटर. थोड्या वेळानं म्हणाली, पैशासाठी नाही आमा, पहिल्या नंबरची गाडी इंजिन लावून उतरली तर हसतील.

तर ऐका मी काय केलं. गुरुवारी कामावर गेले नाही. बागेच्या लाइनीत गेले आणि दार न दार ठोठावलं. ज्या ज्या घरचं पोर त्या व्हॅनमध्ये बसतं त्या प्रत्येक आईला सांगितलं की माझ्या मुलीच्या गाडीत तुमचं पोर बसवू नका, ती उतारावर चावी बंद करते. काहीजणींना कळलं नाही, त्यांना मी हातानं करून दाखवलं, पायडल कसं दगड होतं ते. एकीनं विचारलं, तुझीच ना ती? हो म्हटलं. एकीनं तोंडावर दार लावलं, तिला वाटलं घरातलं भांडण आहे. एक म्हातारी फुर्बाच्या नात्यातली निघाली. ती आत जाऊन नातीच्या अंगावरचा गणवेश काढायला लागली.

शुक्रवारी व्हॅन लाइनीत गेली आणि रिकामी परत आली.

स्टँडवर मग जे व्हायचं ते झालं. नोर्बू म्हणाला, स्वतःच्या पोरीचं नाव घालवणारी आई त्यानं जन्मात बघितली नाही, आणि उद्यापासून टाकीवर दुसरी बाई येईल. सगळ्या गाड्या तशाच उतरतात हे लाइनीतल्यांना आता कळलं, आता बाकीच्यांनाही विचारतायत, याचा राग त्याला जास्त होता. मी बादली उचलली आणि आले. त्या बादलीत निम्मं पाणी होतं, ते त्याच्या बुटांवर गेलं. मुद्दाम नाही. मुद्दामच.

सृजना घरात उभी होती.

"माझ्या पोटावर पाय दिलास तू," म्हणाली.

"हो," म्हटलं.

"बाबांनी नसतं केलं असं."

"नसतंच केलं."

मग तिनं पिशवी भरली. मी तिला थांबवलं नाही. तुमचं पत्र उशीखालून काढून तिनं पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलं, तेही बघितलं. व्हॅनची चावी फळीवर ठेवली आणि म्हणाली, मी बाबांकडे जाते, त्यांच्या गॅरेजमध्ये काम करीन, तिथं कुणी माझ्याविरुद्ध दारं ठोठावत फिरणार नाही. आज तिच्या मैत्रिणीकडे आहे. पुढच्या शनिवारच्या बसनं निघेल, संध्याकाळपर्यंत हासीमाराला पोचेल.

तर काम हे. तिला घ्यायला स्टॉपवर जा. स्वतः जा, तुमच्या तिला पाठवू नका. दारात उभी करून ठेवू नका. तुमच्या तिला सांगा की पोरीला जेवायला गरम वाढायचं आणि फोनवर माझ्याशी केलं तसं तिच्याशी करायचं नाही. तिला सकाळी मिरची चालत नाही. मांड्यांवरचे चट्टे अजून ओले आहेत, मलम पिशवीत ठेवलंय, पण ती लावायची नाही, तेव्हा आठवण करावी लागेल. तुम्ही मला आवडेनासे होऊन बरीच वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कुणी नाही.

आणि तिला गाडी चालवायला द्या. मुद्दाम सांगतेय. नाही म्हणालात तर ती परत इथं येईल.

तुम्हाला वाटेल, एवढं सगळं ओकून झाल्यावर बाई पोरगी माझ्याचकडे कशी पाठवते. त्याचं कारण ऐका. तुम्ही गेलात त्या वर्षी मी एकदा हासीमाराला आले होते, तुम्हाला माहीत नाही. स्टेशनपासून तुमच्या गॅरेजच्या दारापर्यंत चालत आले. तुम्ही दिसला नाहीत, तुमची ती दिसली, ओसरीत बसून डोकं विंचरत होती. मी परत फिरले. पण तुमच्या दारासमोर रस्त्यावर कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं होतं. मी इथली, उताराच्या गावची, मला सवय, पाणी पडलं की ते कुठं पळतंय बघायची. मी तिथं उभी राहून बघत राहिले. ते पाणी जिथं पडलं होतं तिथंच होतं. कुठंच चाललं नव्हतं.

हरकमाया